मनगटावरच्या सेन्सरने पावले मोजणाऱ्या अल्गोरिदमची तुलना कशी करावी: नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

मनगटावरच्या घड्याळाला पाऊल दिसत नाही. हाताच्या हालचालीतला प्रवेग ते सेकंदाला २५, ५० किंवा १०० वेळा नोंदवते आणि त्या आकड्यांवरून पाऊल केव्हा पडले असावे याचा अंदाज अल्गोरिदम बांधतो. त्यामुळे एकाच माणसाच्या एकाच रेकॉर्डिंगवर दोन अल्गोरिदम चालवले की दोन वेगळे आकडे हाती येतात, आणि त्यांतला कोणता खरा मानायचा, हा प्रश्न अभियांत्रिकीच्या प्रकल्पात, फिजिओथेरपीच्या प्रबंधात आणि सार्वजनिक आरोग्याच्या पाहणीतही सारखाच उभा राहतो. मी हे काम केले आहे आणि ते करणाऱ्या विद्यार्थ्यांसोबत बसतो; त्यांचे सुरुवातीचे महिने ज्या गोंधळात जातात तो टळावा म्हणून हे टप्पे सविस्तर लिहीत आहे. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: पावलांची बेरीज जुळली एवढ्यावर अल्गोरिदमला पास करू नका, प्रत्येक पाऊल त्याच्या वेळेसकट जुळते का ते तपासा. पुढचे बहुतेक टप्पे या आग्रहातूनच निघाले आहेत.

सुरुवातीलाच जवळ असाव्यात अशा गोष्टी

पहिली गरज कच्चा डेटा देणाऱ्या सेन्सरची आहे. बाजारातली बहुतेक स्मार्टवॉच केवळ पावलांचा तयार आकडा देतात, आणि तेवढ्यावर अल्गोरिदमची तुलना होऊ शकत नाही. संशोधनात अॅक्झिव्हिटी एएक्स३, अॅक्टिग्राफ आणि शिमर ही उपकरणे सर्रास वापरली जातात. ती परवडत नसतील तर जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात तयार झालेले फायफॉक्स हे मोफत अॅप फोनमधल्या अॅक्सेलरोमीटरची (प्रवेग मोजणाऱ्या सेन्सरची) नोंद सीएसव्ही, म्हणजे तक्त्यासारख्या साध्या मजकुराच्या, फाइलमध्ये काढून देते; फोन पट्ट्याने हाताला किंवा कमरेला घट्ट बांधला तर शिकण्यापुरते काम नक्की होते. मात्र त्या अॅपमध्ये गुरुत्वाकर्षणासह आणि गुरुत्वाकर्षण वजा करून असे दोन पर्याय असतात, त्यांतला गुरुत्वाकर्षणासहचा घ्या, कारण दुसऱ्या पर्यायातला डेटा फोनने आधीच प्रक्रिया करून दिलेला असतो.

याशिवाय पुढील गोष्टी लागतील:

- पायांचे चित्रीकरण करण्यासाठी दुसरा फोन किंवा छोटा कॅमेरा, आणि व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवता येईल असे सॉफ्टवेअर.
- पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, त्यासोबत आकडेमोडीची नमपाय, पांडाज आणि सायपाय ही पॅकेजेस. काही अल्गोरिदम आर भाषेत असल्यामुळे तीही बसवून घ्या.
- सहभागी व्यक्तींचे मराठीत लिहिलेले, वाचून समजेल असे संमतीपत्र आणि संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी.
- प्रत्येक रेकॉर्डिंगसाठी एक नोंदपत्रक: तारीख, सेन्सर कोणत्या हाताला, तो हात उजवा की डावा आणि सवयीचा आहे का, पादत्राणे कोणती, काठी किंवा वॉकर आहे का.

मंजुरीचा अर्ज पहिल्याच आठवड्यात करा. समितीची बैठक रोज होत नाही, आणि मंजुरीआधी घेतलेला डेटा पुढे वापरता येत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये संमती हा पायाभूत मुद्दा आहे, म्हणून व्हिडिओत चेहरा येणार नाही, फक्त गुडघ्याखालचा भाग येईल, हे संमतीपत्रात लिहा आणि प्रत्यक्षातही पाळा.

१. प्रश्न एका वाक्यात लिहून काढा

"सर्वांत चांगला अल्गोरिदम कोणता?" या प्रश्नाला उत्तर नाही. "सत्तरीच्या पुढच्या, घरातल्या घरात सावकाश चालणाऱ्या लोकांच्या मनगटावरच्या डेटावर कोणता अल्गोरिदम कमीत कमी पावले चुकवतो?" या प्रश्नाला आहे. कोणाची पावले, सेन्सर शरीरावर कोठे, चालणे कोणत्या प्रकारचे आणि मोजणी घड्याळातच व्हायची आहे की नंतर संगणकावर, या चार गोष्टी त्या वाक्यात आल्याच पाहिजेत.

यांतली सेन्सरची जागा सर्वाधिक परिणाम करते. १९६५ मध्ये जपानमधल्या यामासा कंपनीने मानपो-केई हे पाऊलमापक बाजारात आणले तेव्हा ते कमरेला लावायचे यंत्र होते, आणि कमरेला प्रत्येक पावलाचा धक्का जवळपास सारखाच पोहोचतो. मनगटाचे तसे नाही. हात एकदा पुढे जाऊन मागे येतो तेवढ्यात दोन पावले पडलेली असतात. मिनिटाला ११० पावले चालणाऱ्या माणसाच्या कमरेवर साधारण १.८ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १.८ वेळा येणारा, ठळक ठोका मिळतो. मनगटावर त्याच्या जोडीला ०.९ हर्ट्झचा, हात झुलण्याचा ठोकाही येतो आणि पुष्कळदा तोच जास्त ठळक असतो. कमरेसाठी लिहिलेला अल्गोरिदम जसाच्या तसा मनगटाच्या डेटावर चालवला तर काही माणसांची पावले निम्मी येतात ती यामुळेच.

२. पाऊल कशाला म्हणायचे ते आधी ठरवा

सरळ रस्त्यावर चालताना हा प्रश्न पडत नाही. स्वयंपाकघरात ओट्यापासून फ्रीजकडे वळणाऱ्या माणसाचे पाय पाहिले की मात्र लगेच पडतो: जागच्या जागी वळताना पाय उचलून ठेवला तर ते पाऊल का? पाय घासत अर्धा वीत सरकवला तर? शेवटचे पाऊल टाकून दुसरा पाय शेजारी आणून ठेवला तर?

माझ्या मते "पाय जमिनीवरून पूर्ण सुटला आणि वेगळ्या जागी टेकला तर पाऊल" ही व्याख्या पुरेशी आहे, परंतु घासत चालणाऱ्या वृद्धांचा अभ्यास करणाऱ्यांनी ती बदलली पाहिजे. व्याख्या कोणतीही घ्या, ती व्हिडिओ पाहण्याआधी कागदावर उतरवा आणि काही व्हिडिओ दोन जणांना स्वतंत्रपणे मोजायला द्या. दोन माणसांच्याच मोजणीत शेकडा ३ पावलांचा फरक पडत असेल, तर शेकडा २ पावलांच्या फरकावरून एक अल्गोरिदम दुसऱ्यापेक्षा सरस असल्याचे म्हणता येणार नाही.

३. अल्गोरिदमची घराणी ओळखून घ्या

नावे पुष्कळ आहेत, पण मूळ कल्पना चार-पाचच आहेत. त्या समजल्या की कोणता अल्गोरिदम कोठे चुकेल हे चालवण्याआधीच बऱ्यापैकी सांगता येते, म्हणून या टप्प्यावर घाई करू नका.

पहिले घराणे शिखरे मोजणारे. तिन्ही अक्षांवरच्या प्रवेगाच्या वर्गांची बेरीज करून तिचे वर्गमूळ काढले की सेन्सर कसाही फिरलेला असला तरी न बदलणारी एकच रेषा मिळते. स्थिर सेन्सरवर ती १ जी, म्हणजे ९.८१ मीटर प्रति सेकंद वर्ग, एवढी असते. लो-पास फिल्टरने तिच्यातली थरथर काढून टाकायची आणि एका मर्यादेवरची शिखरे मोजायची. ही मर्यादा स्थिर ठेवली तर जोरात चालणारा आणि हळू चालणारा यांना एकच माप लागते, म्हणून ती बदलती ठेवण्याची पद्धत आहे. अॅनालॉग डिव्हायसेस कंपनीच्या अभियंत्याने २०१० मध्ये मांडलेली रचना नवशिक्यांनी स्वतः लिहून पाहावी अशी आहे: सेकंदाला ५० नोंदी घ्यायच्या, दर ५० नोंदींनी कमाल आणि किमान मूल्यांची सरासरी काढून तीच नवी मर्यादा मानायची, दोन पावलांमधले अंतर ०.२ ते २ सेकंद असेल तरच पाऊल धरायचे, आणि सलग चार पावले दिसेपर्यंत मोजणी सुरू करायची नाही. हा संपूर्ण अल्गोरिदम पन्नासेक ओळींत बसतो आणि लहानशा चिपवरही चालतो. ०.२ सेकंदाची अट मात्र फार सैल आहे, कारण त्या हिशेबाने मिनिटाला ३०० पावलेही चालतील.

दुसरे घराणे पुनरावृत्ती शोधणारे. रेषेचा एक तुकडा घ्यायचा, तो थोडा थोडा पुढे सरकवून मूळ रेषेशी जुळवायचा आणि कोणत्या अंतरावर तो सर्वाधिक जुळतो ते पाहायचे. २०१२ मध्ये इमारतीच्या आत फोनचे स्थान शोधण्यासाठी मांडलेल्या 'झी' या प्रणालीत हीच कल्पना आहे. तिचे बळ हे की खड्ड्यातल्या एकट्यादुकट्या धक्क्याला ती फसत नाही. तिची दुबळी बाजू मनगटावर दिसते: सर्वाधिक जुळणारे अंतर एका पावलाचे नसून दोन पावलांचे असते, आणि ते दोनाने भागायचे की नाही हे त्या वेळी हात मोकळा झुलत होता की खिशात होता यावर ठरते.

तिसरे घराणे वारंवारता पाहणारे, म्हणजे रेषेत कोणत्या वारंवारतेचे ठोके किती आहेत हे फूरिये किंवा वेव्हलेट या गणिती रूपांतरांनी काढणारे. येथे एक साधा हिशेब विसरला जातो. खिडकी, म्हणजे एका वेळी तपासायचा डेटाचा तुकडा, ५ सेकंदांची घेतली तर फूरिये रूपांतराची बारकाई ०.२ हर्ट्झ, म्हणजे मिनिटाला १२ पावले, एवढीच मिळते. बारकाई वाढवायला खिडकी लांब करावी तर घरातले सहा-सात पावलांचे चालणे तिच्यात विरून जाते. हार्वर्डच्या संशोधकांचा ओक हा अल्गोरिदम वेव्हलेट वापरतो आणि प्रत्येक सेकंदाला पावलांचा वेग सांगतो.

चौथे घराणे नमुन्याशी ताडून पाहणारे, जसे आर भाषेतले अॅडेप्ट. पाचवे यंत्रशिक्षणाचे. ऑक्सफर्डच्या गटाचे स्टेपकाउंट हे पायथॉन पॅकेज आधी शिकवलेल्या मॉडेलने १० सेकंदांचा तुकडा चालण्याचा आहे की नाही हे ठरवते आणि चालण्याच्या तुकड्यांतच शिखरे मोजते. त्यामागे यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या मोठ्या आरोग्य-अभ्यासाचा, सुमारे १ लाख लोकांनी आठवडाभर मनगटावर बांधलेल्या सेन्सरचा डेटा आहे. या सर्वांच्या मधोमध बसणारा व्हेरिसेन्स हा अल्गोरिदम शिखरे शोधून मग ती नियमित, एकसारखी आणि सलग आहेत का हे तपासतो. तो सेकंदाला १५ नोंदींच्या डेटावर चालतो.

येथे एक भेद पक्का करा. "माणूस चालतो आहे का?" आणि "किती पावले पडली?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि बहुतेक मोठ्या चुका पहिल्या प्रश्नात होतात. केंब्रिज विद्यापीठातून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत फोनच्या डेटावर हे दोन्ही प्रश्न वेगळे तपासले होते. पावले मोजण्यात खिडकीगणिक शिखरे शोधण्याची साधी पद्धत तेथे अवघड गणिती पद्धतींच्या बरोबरीने उभी राहिली. साधी पद्धत तुलनेतून वगळू नका, असे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो ते यासाठी.

४. आधी खुल्या डेटावर हात बसवा

स्वतःचे रेकॉर्डिंग सुरू करण्यापूर्वी दुसऱ्यांनी काळजीपूर्वक मोजलेल्या डेटावर सगळा कोड चालवून पाहा. तीन डेटासेट उपयोगाचे आहेत. ऑक्सवॉकमध्ये ३९ निरोगी व्यक्तींचा मनगट आणि कमरेचा, सेकंदाला १०० नोंदींचा डेटा आहे, आणि पायांकडे रोखलेल्या कॅमेऱ्यावरून प्रत्येक पाऊल टिपलेले आहे. अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठाच्या डेटासेटमध्ये ३० व्यक्ती मनगट, कमर आणि घोटा या तीन जागी सेन्सर लावून नियमित, अर्धनियमित आणि विस्कळीत अशा तीन प्रकारे चालल्या आहेत; तेथे सेकंदाला १५ नोंदीच आहेत. स्वीडनच्या हाल्मस्टाड विद्यापीठाच्या मारेआ या डेटासेटमध्ये पायाखालच्या दाबसेन्सरवरून पाऊल टेकल्याची वेळ मिळते.

क्लेमसनमधले विस्कळीत चालणे अवश्य पाहा. खोल्यांमधून फिरत, थांबत, वळत एक खेळणे जोडण्याचे काम सहभागींना दिले होते, आणि आपल्या घरातले रोजचे चालणे मोकळ्या मार्गावरच्या चालण्यापेक्षा याच्याशी कितीतरी जवळचे आहे.

५. स्वतःचे रेकॉर्डिंग: चालण्याइतकेच न चालणेही टिपा

खुल्या डेटातली माणसे आपल्याकडची कामे करत नाहीत, त्यामुळे हा टप्पा टाळता येत नाही. सपाट जागेवर तीन वेगांनी चालणे आणि जिने चढणे-उतरणे हे सगळेच घेतात. त्यांच्या जोडीला हात बांधला जाईल असे चालणे घ्या: भाजीच्या पिशव्या दोन्ही हातांत, छत्री धरून, फोन कानाला लावून, मुलाला कडेवर घेऊन. पाय चालत असतात पण मनगट झुलत नाही, आणि हात झुलण्यावर विसंबणारा अल्गोरिदम येथे पावले गाळतो. खरे चालणे ताशी ३ किलोमीटरपेक्षा सावकाश असेल तर शिखरे इतकी बुटकी होतात की मर्यादेखालीच राहतात. वृद्धांसाठी काम करत असाल तर रेकॉर्डिंगचा मोठा भाग याच वेगाचा ठेवा.

मग पाय स्थिर आणि हात हलता, अशी कामे घ्या. पोळ्या लाटणे हे माझ्या दृष्टीने उत्तम परीक्षेचे काम आहे. लाटण्याचे मागे-पुढे होणे बहुधा चालण्याच्या वारंवारतेच्या पट्ट्यातच पडते, ते बऱ्यापैकी नियमित असते, आणि एक पोळी लाटून होईपर्यंत ते सलग चालते. मग लाटणे थांबते, पोळी तव्यावर पडते, उलटली जाते, आणि नवा उंडा घेतला की तोच ठोका पुन्हा सुरू होतो. "सलग चार पावले दिसली की मोजा" ही अट येथे काहीच अडवत नाही, कारण लाटणे सलगच आहे. आरतीच्या टाळ्या याहून वेगळ्या रीतीने फसवतात: ठोका अगदी लयीत, काही मिनिटे न थांबता, आणि शिखरे पावलांच्या शिखरांपेक्षा उंच. कपडे घासणे, झाडू मारणे आणि खड्ड्यांच्या रस्त्यावरून दुचाकी चालवणे यांनाही यादीत जागा द्या. एसटीत बसून किंवा लोकलमध्ये उभे राहून घेतलेले रेकॉर्डिंगही हवे.

प्रत्येक कामाला किमान काही मिनिटे द्या, आणि दोन कामांच्या मध्ये अर्धा मिनिट हात पूर्ण स्थिर ठेवायला सांगा. तो स्थिर तुकडा नंतर कामे वेगळी करायला उपयोगी पडतो, आणि तेथे रेषा १ जीवर येते का हे पाहून सेन्सरचे कॅलिब्रेशनही, म्हणजे तो बरोबर मोजतो का हेही, तपासता येते.

सेन्सरची मापनकक्षा ±८ जी ठेवा. ±२ जीवर टाळ्यांची आणि धावण्याची शिखरे सपाट कापली जातात, आणि कापलेले शिखर नंतर कोणत्याही फिल्टरने परत येत नाही.

६. सेन्सर आणि कॅमेरा यांची वेळ जुळवा

पाऊल वेळेसकट जुळवायचे तर दोन्ही उपकरणांची घड्याळे जुळली पाहिजेत. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला आणि शेवटी, कॅमेऱ्याला दिसेल अशा रीतीने सेन्सर बांधलेला हात टेबलावर तीनदा ठामपणे आपटायला सांगा. व्हिडिओतली ती फ्रेम आणि डेटातली ती तीन उंच शिखरे जुळवली की दोन्ही टोके पक्की होतात.

केवळ सुरुवातीचे टोक जुळवून भागत नाही. घड्याळ दशलक्षात ५० भागांनी पुढेमागे असेल तर तासाभरात ०.१८ सेकंदाचा फरक पडतो, आणि एका पावलाला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, हे ध्यानात घेतले तर तो फरक क्षुल्लक राहत नाही. फोनच्या व्हिडिओत आणखी एक सापळा आहे: सेकंदाला ३० फ्रेम असे लिहिलेले असले तरी उजेडानुसार फोन ती संख्या कमीजास्त करतो, त्यामुळे फ्रेमचा क्रमांक ३० ने भागून वेळ काढली तर ती हळूहळू घसरत जाते. मोजणीआधी एफएफएमपेग या मोफत साधनाने व्हिडिओ स्थिर फ्रेमदराचा करून घ्या.

७. सर्व अल्गोरिदमना समान संधी द्या

तुलना अन्यायकारक होण्याच्या वाटा येथे सर्वाधिक आहेत.

एकक तपासा. खुले अल्गोरिदम बहुधा जीमध्ये डेटा मागतात आणि फोन मीटर प्रति सेकंद वर्गात देतो, ९.८१ ने भागायचे राहिले की मर्यादा निरर्थक होते आणि आकडे वाटेल तसे येतात.

सॅम्पलिंग रेट, म्हणजे सेकंदाला किती नोंदी, तो तपासा. १०० असे लिहिलेल्या उपकरणातून ९७ किंवा १०२ नोंदी येऊ शकतात. प्रत्येक नोंदीची वेळ वापरून डेटा समान अंतरावर आणा, आणि अल्गोरिदमला हव्या त्या दराला उतरवताना आधी लो-पास फिल्टर लावा. नुसत्या मधल्या नोंदी गाळल्या तर वरच्या वारंवारतेची थरथर खोट्या ठोक्यांच्या रूपात खाली उतरते. १५ चा डेटा १०० वर चढवता येतो, पण त्यात नसलेली माहिती त्यामुळे येत नाही.

फिल्टर मागे-पुढे दोन्ही दिशांनी चालवण्याची सायपायमधली सोय संगणकावर उत्तम आहे, कारण शिखर जागचे हलत नाही. घड्याळातल्या चिपला मात्र पुढची नोंद अजून मिळालेलीच नसते. अल्गोरिदम घड्याळात चालवायचा असेल तर एकाच दिशेचा फिल्टर वापरून तपासा आणि त्याने होणारा ठरावीक उशीर जुळवणीआधी वजा करा.

मर्यादा, खिडकीची लांबी वगैरे सेटिंग्ज जुळवण्यासाठी आपल्या लाडक्या अल्गोरिदमला आठवडा आणि बाकीच्यांना मूळ सेटिंग्ज, असे करू नका. प्रत्येकाला सारख्याच संख्येने पर्याय तपासायची मुभा द्या किंवा सर्वांना मूळ सेटिंग्जवरच चालवा. जुळवणी करायची असेल तर एका व्यक्तीला बाजूला ठेवून बाकीच्यांवर करा, बाजूला ठेवलेल्या व्यक्तीवर तपासा, आणि प्रत्येक व्यक्तीची पाळी येईपर्यंत हे पुन्हा करा. एकाच व्यक्तीचे काही तुकडे शिकवायला आणि काही तपासायला वापरले, तर यंत्रशिक्षणाचे मॉडेल त्या व्यक्तीची चाल आधीच ओळखत असते आणि निकाल खोटा चांगला येतो.

८. चूक योग्य रीतीने मोजा

समजा, एका व्यक्तीने सावकाश चालत ९०० पावले टाकली आणि अल्गोरिदमने त्यांतली ७२० धरली. त्यानंतर ती व्यक्ती जागच्या जागी उभी राहून टाळ्या वाजवत असताना त्याच अल्गोरिदमने आणखी १८० पावले मोजली. एकूण ९००, चूक शून्य टक्के. या अल्गोरिदमने पाचातले एक खरे पाऊल गाळले आणि सांगितलेल्या पाचांतले एक पाऊल कधी पडलेच नव्हते, तरीही केवळ बेरजेच्या तक्त्यात तो निर्दोष दिसेल.

म्हणून व्हिडिओतल्या प्रत्येक पावलासाठी ±०.२५ सेकंदाच्या आत अल्गोरिदमचे पाऊल आहे का ते पाहा, आणि एका पावलाची जोडी एकाशीच लावा. मग खऱ्या पावलांपैकी किती सापडली, सांगितलेल्यांपैकी किती खरी निघाली, हे दोन आकडे काढा. वरच्या उदाहरणात दोन्ही ८० टक्के येतील. ओक आणि व्हेरिसेन्स पावलाची नेमकी वेळ न देता दर सेकंदाचा आकडा देतात, त्यामुळे त्यांना सामावून घ्यायचे असेल तर सर्वच अल्गोरिदमची १० सेकंदांच्या तुकड्यांवरची तुलनाही जोडीने करा.

बेरजेची चूक टाकून द्या असे मी म्हणत नाही. दिवसाची पावले हाच अनेकांचा अंतिम उपयोग असतो. ती सांगताना चिन्हासकट सांगा, म्हणजे अल्गोरिदम जास्त मोजतो की कमी हे कळेल. टक्केवारीतली चूक चालण्याच्या तुकड्यांपुरतीच ठेवा. पोळ्या लाटताना खरी पावले शून्य असतात आणि शून्याने भागता येत नाही, तेथे "मिनिटाला खोटी पावले किती" हे माप वापरा.

सहसंबंध गुणांक (दोन मापने एकमेकांसोबत किती वाढतात-घटतात याचा आकडा) पाहून समाधान मानू नका. प्रत्येक वेळी बरोबर दुप्पट पावले मोजणाऱ्या अल्गोरिदमचा सहसंबंध गुणांक १ येतो. त्याऐवजी ब्लँड आणि अल्टमन यांनी १९८६ मध्ये वैद्यकीय मापनपद्धतींच्या तुलनेसाठी रूढ केलेला आलेख काढा: आडव्या अक्षावर दोन मापनांची सरासरी, उभ्या अक्षावर त्यांतला फरक. पावले वाढतील तशी चूक वाढते का, आणि कोणती व्यक्ती सर्वांपासून दूर पडली आहे, हे त्यावर एका नजरेत दिसते. दूर पडलेल्या व्यक्तीचा व्हिडिओ पुन्हा पाहा. काठी, सैल पट्टा, कंबरेवर ठेवलेला हात, असे काहीतरी कारण बहुधा सापडते, आणि अहवालातला सर्वांत उपयोगी परिच्छेद त्यातूनच निघतो.

संख्याशास्त्रीय चाचणी करताना एकक व्यक्ती हेच धरा. २० व्यक्तींची ४०,००० पावले म्हणजे ४०,००० स्वतंत्र निरीक्षणे नसतात. तीच माणसे सर्व अल्गोरिदमना दिलेली असल्यामुळे जोड्यांची चाचणी लागते. थोड्या व्यक्तींसाठी विल्कॉक्सनची जोड्यांची चाचणी चालते.

९. फोनमधल्या आयत्या मोजणीशी तुलना करायची असल्यास

अँड्रॉइडमध्ये आवृत्ती ४.४ पासून पावलांचे दोन आयते सेन्सर आहेत. एक प्रत्येक पावलाची खबर देतो आणि ती २ सेकंदांच्या आत येणे अपेक्षित असते. दुसरा फोन सुरू झाल्यापासूनची एकूण पावले सांगतो, अधिक अचूक असणे अपेक्षित असते आणि १० सेकंदांपर्यंत उशीर करू शकतो. फोन बंद करून सुरू केला की ही बेरीज शून्यावर जाते. आवृत्ती १० पासून यासाठी वापरकर्त्याची वेगळी परवानगी लागते, ती न मागितल्यास अॅपला आकडे मिळत नाहीत. या सेन्सरमागचा अल्गोरिदम फोन किंवा चिपनिर्माता ठरवतो, तेव्हा "अँड्रॉइडची मोजणी" असे एकत्र न लिहिता फोनचे मॉडेल आणि आवृत्ती लिहा.

१०. निकाल लिहिताना

मुख्य तक्त्यात ओळींमध्ये अल्गोरिदम आणि स्तंभांत कामे ठेवा: सपाट चालणे, सावकाश चालणे, पिशव्या घेऊन चालणे, घरातले तुटक चालणे, लाटणे, टाळ्या, दुचाकी. सर्व कामांची एकच सरासरी काढाल तर कोणते काम किती वेळ रेकॉर्ड केले त्यावर विजेता ठरेल, आणि ती वेळ तर तुम्हीच ठरवलेली असते. सरासरी द्यायचीच असेल तर प्रत्येक कामाचा वाटा किती धरला ते शेजारी लिहा.

प्रत्येक अल्गोरिदमची आवृत्ती, वापरलेली सेटिंग्ज, त्याला दिलेला सॅम्पलिंग रेट, सेन्सरची जागा आणि पावलाची व्याख्या परिशिष्टात द्या. कच्चा डेटा आणि पावलांच्या वेळांची फाइल संमतीच्या मर्यादेत राहून जतन करा. व्हिडिओ मात्र संमतीपत्रात लिहिलेली मुदत संपताच पुसून टाका आणि पुसल्याची तारीख नोंदपत्रकावर घाला.